अर्धी राहिलेली वंदना
साकोलीतल्या माझ्या दुकानात मी कापूर रोज विकतो, पण नवं खोकं फोडलं की त्या वासानं ती संध्याकाळ आठवते. घरात बुद्धवंदना चालू होती, मेणबत्त्यांचा उजेड भिंतीवर हलत होता. माझी पाच वर्षांची मुलगी मध्येच उठली, ताट आणून मूर्तीसमोर ओवाळू लागली आणि माझ्या वडिलांना म्हणाली, "आबाजी, कापूर दे ना. आरती नाही केली तं देव रागावते." वडिलांचा आवाज थांबला. लहानपणी, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा, त्यांनी आपल्या बापासोबत घरातले देव तलावात सोडले होते. "कोणं सांगतलं तुले?" त्यांनी विचारलं. "कार्टूननं." वडील वंदना अर्धीच टाकून उठले. माझं डोकं फिरलं. केबलवाल्याला फोन लावला, "ते चॅनल आत्ताच्या आत्ता काढ." तो हसला, "भाऊ, पोरायचे सारे चॅनल संगच येतात, एकटं निघत नाही." पैसे मी भरायचे आणि माझ्या घरात काय शिकवायचं ते दुसऱ्यानं ठरवायचं! भल्याभल्या व्यापाऱ्यांना मी नमवलंय, पण इथं घासाघीस करायची कोणाशी? मी टीव्हीच बंद केला. मुलगी रडली नाही, तिनं फक्त विचारलं, "बाबा, मंग आपल्या बुद्धाचं कार्टून कोणत्या चॅनलवर येते?" आता ती कॉलेजात जाते. रिमोट हातात आला की मी अजून पोरांचे चॅनल एकेक करून बघत जातो.