सात खुंट्या आणि पिठाचा डबा

बाकी जगाचा आठवडा सात दिवसांचा असेल, आमच्या वहिनींचा आठवडा मात्र सात थैल्यांचा असतो. दादाच्या राईस मिलच्या मजुरीत सहा तोंडं भरायची, तर बाजाराला जाऊन जे दिसेल ते उचलायची सोय नाही. म्हणून वहिनी मूल गावच्या बाजारात जातात तेच बाजार उठताना, भाव पडल्यावर. विक्रेते पाल सोडायला लागले की वहिनी वांग्यांची तब्येत तपासायला बसतात. घरी आल्यावर भाज्यांचा नंबर लागतो तोही दवाखान्यासारखा, जी जास्त आजारी ती आधी. पालेभाज्या दाराजवळच्या पहिल्या दोन खुंट्यांवर, मग वांगी, ढेमसं, भोपळा असं करत चुलीशेजारच्या सातव्या खुंटीवर कोहळ्याच्या वाळलेल्या वड्या, ज्यांना मरण ठाऊकच नाही. थैल्या दादाच्या जुन्या शर्टांच्या, दिवसाला एक. मिलमधून मिळणाऱ्या कण्यांचा डबा खुंट्यांखाली, पिठाच्या डब्याशेजारी असतो. अवचित कुणी जेवायला आलंच, तर वहिनी वरणात तांब्याभर पाणी ओततात आणि पाहुण्याला तोंडावर सांगतात, "आमचं वरण लाजते जी, पावणा पाह्यला का पातळ होते."

एकदा या वहिनींच्या पित्ताशयात खडे निघाले. चंद्रपूरला ऑपरेशन ठरलं, दादा सोबत जाणार. घरी उरलो बाबा, दोन पुतण्या आणि मी, लग्नाच्या बाजारातून वर्षानुवर्षं परत येणारा माल. वहिनींनी खुंट्या भरल्या आणि दारातून दम दिला, "भाऊजी, घरी उपास घडला असं आयकलं, तर मी टाके घेऊनच येईन." डॉक्टरांनी आठवडाभर हलू नका म्हणून बजावलेलं. म्हणजे वहिनींची जखम नीट भरणं हे आता माझ्या फोडणीवर होतं.

मी म्हटलं, स्वयंपाक चुलीपाशी होतो, तर सुरुवातही चुलीपासूनच. पहिल्या दिवशी वड्यांचा रस्सा, दुसऱ्या दिवशी लाखोळीची डाळ, तिसऱ्या दिवशी भोपळा. पुतण्या ताटं चाटत होत्या, मी स्वतःला बल्लवाचार्य समजत होतो. चौथ्या दिवशी बाबा नाकाला धोतराचा सोगा लावून म्हणाले, "अरे, घरात का मेलं बे?"

दाराजवळची अंबाडी मेली होती. शेजारची मेथीही तिच्यासोबत गेली होती. वांग्यांत अळ्यांचं बिऱ्हाड होतं आणि त्यांच्या पलीकडची ढेमसं हाताला चिखलासारखी लागली. म्हणजे पुढचे चारही दिवस मी एका झटक्यात उकिरड्यावर नेऊन टाकले.

संध्याकाळी ऑपरेशननंतर पहिल्यांदाच वहिनींचा फोन आला. आवाज बारीक.

"आज का केलं जी भाऊजी?"

"ढेमसं," मी म्हटलं. "झकास झाली."

"आन् काल?"

"भोपळा."

आता ही बाई सलाईन उपटून एसटीत बसते, या भीतीने मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग तिकडून वेगळाच आवाज आला, हसण्याचा.

"हसवू नका जी, टाके दुखते माये! चुलीकडून चालू केलं न तुमी? पिठाच्या डब्यामागं पाहा."

पाहिलं. डब्यामागे माझ्याच जुन्या पँटच्या पायाची शिवलेली आठवी थैली होती. बेसन, मसूर, जवसाची चटणी, वाळवलेल्या वांग्याच्या फोडी. चार दिवसांचं रेशन.

"हे आधी काऊन नाई सांगतलं?" मी ओरडलो.

"सांगतलं असतं तं पयल्याच दिवशी खाल्लं असतं तुमी."

मी तिथेच जमिनीवर बसलो. इतकं हलकं मला दहावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं. वहिनी आठवडा पुरा करूनच परतल्या, टाके सुकलेले, आणि आल्या आल्या दाराजवळची खुंटी हुंगून पाहिली.

आता पुतण्या नागपूरला शिकतात, बाबा नाहीत, घरात फ्रिज आलाय. सातांपैकी तीनच खुंट्या भरतात. वहिनी बाजारात मात्र अजून उशिराच जातात. मी कधीमधी कुणी नसताना पिठाच्या डब्यामागे हात घालतो. पँटचा तो पाय आता विटलाय, पण हाताला भरलेला लागतो. उघडून बघत नाही. डबा परत जागेवर सरकवतो आणि कण्या निवडायला बसतो.