पाचवा ठिपका

आमच्या बदलापूरच्या घरात, हॉलमध्ये, माझा पदवीदानाचा फोटो आहे. अंगात काळा गाऊन, हातात कागदाची गुंडाळी, शेजारी आई. आमच्या घरात कॉलेज पुरं केलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

तो फोटो घरी आणला त्या दिवशी आईने बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "काय गो बाय, तुज्या शेजारी ही कोन बाई?"

स्टुडिओवाल्याने तिच्या कपाळावरचं गोंदण पुसून टाकलं होतं. मी जाब विचारायला गेले, तर म्हणाला, "ताई, डाग क्लीन करून दिलेत. त्याचे एक्स्ट्रा नाही लावले." त्याला वाटलं, मी आभार मानायला आलेय.

गोंदण अंबरनाथच्या शिवमंदिराच्या जत्रेतलं. आई लहान असताना वांगणीपलीकडच्या पाड्यावरून आजी तिला घेऊन आली होती. तिला मांडीवर दाबून धरलं आणि गोंदणारीने कपाळावर ठिपके टोचले. आई नेहमी म्हणायची, "सोनंनानं मेल्यावर काढून घेतात. गोंदन कोन काढील?"

"स्टुडिओवाल्याने काढलं की," मी एकदा बोलून गेले. ती हसली नाही. तेव्हा कळलं की तिला एक तरी फोटो गोंदणासकट हवाय.

आता मी अंबरनाथला रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये आहे. गेल्या वर्षी सेकंडहँड कॅमेरा आणि एक प्रिंटर घेतला. एका रविवारी आईला गॅलरीच्या दाराशी बसवून फोटो काढला. रंगीत फोटोत गोंदण दिसेचना. इतक्या वर्षांत ते फिकं हिरवट झालंय, कपाळावर नुसती सावली पडल्यासारखं वाटतं. म्हटलं, ब्लॅक अँड व्हाइट करून बघू.

"मेलेल्यांचे असतात तसा?" आई म्हणाली.

"जिवंतांचेपण असतात."

"मग कर. पन गोंदन दिसलं पायजे."

कॉम्प्युटरवर एका बटणाने फोटो काळा-पांढरा झाला आणि होती तेवढी सावलीही गेली. मग प्रत्येक रंग वेगळा कमीजास्त करता येतो ते सापडलं. निळ्याकडे नेलं की आईचा चेहरा काळाभोर आणि गोंदण त्यात बुडालेलं. असं चाळवता चाळवता मला कॉलेजातलं एस.वाय.चं प्रॅक्टिकल आठवलं. मोरचुदाचं निळं पाणी किती गडद ते यंत्रात मोजायचं, तर फिल्टर लाल लावायचा. निळं-हिरवं लाल उजेड खातं, म्हणून लालात ते गडद दिसतं. मी लाल वाढवला. गोंदण वर आलं. त्या प्रॅक्टिकलला मला पैकीच्या पैकी होते, हेही सांगून टाकते.

पण लालात चेहराही उजळतो. आई बघून म्हणाली, "गोंदन माजं हाय. तोंड कुनाचं? चुना लावल्यासारखं." मग लाल तसाच ठेवून अख्खा फोटो हळूहळू गडद करत आणला.

पहिली प्रिंट ट्यूबलाइटखाली झकास वाटली. गॅलरीच्या उन्हात नेली तर आई जांभळी. उल्हासनगर कॅम्प एकला एक सिंधी काका प्रिंटरची शाई भरून देतात, त्यांच्याकडे प्रिंट घेऊन गेले. ते उन्हात धरून म्हणाले, "दीदी, ये प्रिंटर झूठा है. काळा बोलतो आणि सब कलर मिलाता है. सेटिंग में सिर्फ ब्लॅक मारो. और ये चमकीला कागद छोडो, शादी के कार्डवाला मोटा लो."

"काका, आईचा फोटो आहे."

"तो? मम्मी की शादी नहीं हुई?"

जाड कागद शाई पितो, सगळं आणखी गडद होतं. किती, ते कळावं म्हणून मी फक्त कपाळाचे सात तुकडे एकाच कागदावर छापले, फिक्यापासून गडदपर्यंत. फोटो आधी साफ केला होता. कॅमेऱ्याच्या आतल्या धुळीचे कण इकडेतिकडे आले होते, ते एकेक करून काढले होते.

आईने कागद मांडीवर घेतला. "किती कपाळं गो माजी." मग प्रत्येकावर बोट ठेवून ठिपके मोजायला लागली. सातव्यापर्यंत गेली आणि कागद परत दिला.

"एक कमी हाय."

"चारच आहेत, आई."

"पाच. पाचवा टोचताना मी गोंदनारीच्या हाताला चावले नि पळाले. म्हनून तो बारीक, नि बाजूला."

मी तिला दाराशी नेऊन कपाळ जवळून पाहिलं. होता. मोहरीएवढा, ओळ सोडून, उजव्या भुवईवर. मूळ फोटो उघडला, लाल वाढवला, तिथेही होता. मी त्याला धूळ समजून काढला होता. त्या स्टुडिओवाल्याला मी इतकी वर्षं नावं ठेवली. त्याने निदान एक्स्ट्रा लावले नव्हते.

"मीच पुसला," मी म्हटलं.

"शिकलेली माणसं लई साफसफाई करतात," आई म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

पुन्हा पहिल्यापासून केलं, पण या वेळी एकही कण काढला नाही. नवी सात कपाळं छापली. मला चौथं आवडलं, तिने पाचवं निवडलं. त्यात कातडी तिच्यासारखी सावळी होती आणि ठिपके पाचही. त्या मापाने मोठी प्रिंट काढली. फोटोत धुळीचे तीन कण अजून आहेत, दोन भिंतीवर आणि एक पदरावर.

तो फोटो हॉलमध्ये पदवीदानाच्या फोटोशेजारी लावला. आई दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिली. "आता त्याच्यातपन गोंदन घाल."

"त्याची फाइल नाही आपल्याकडे."

"काच तर हाय ना."

लॅबमध्ये बाटल्यांवर नावं घालायचा मार्कर माझ्या पर्समध्ये होता. मी स्टुलावर चढले. आई खालून सांगत होती, "वर. आनखी वर. मोठा नको." मी काचेवर चार ठिपके दिले आणि थांबले.

"आता बारीक," ती म्हणाली. "बाजूला."