मशीनवरची थंडी

शेजाऱ्यानं नांगर घालून आमच्या शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, कोरून माझ्या बाजूला सरकवला, तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं. वांग्याच्या भावात न हटणारा मी, जमीन कसा सोडणार? पण दोघांच्याही बायकांना डायलिसिस लागलं. वाशीमचा दवाखाना एक, दिवसही तेच. बायकांनी आम्हाला न विचारता एकच ऑटो ठरवला. त्या मागे बसत. आम्ही पुढे, ड्रायव्हरच्या दोन बाजूंना तोंडं फिरवून.

"पाह्य वं, बैल कसे जुपले," त्याची बायको म्हणायची आणि दोघी हसायच्या.

पोळ्यानंतर त्याची बायको गेली. पुढच्या खेपेला सवयीनं ऑटो त्याच्या दारात थांबला. तो तिचं ब्लँकेट घेऊन उभा होता.

"वयनीले मशीनवर थंडी वाजते. माही बायको हे तिच्यासाठी ठेवून गेली."

"आन् माहा धुरा?" माझ्या ओठांवर आलं होतं. बायकोनं ब्लँकेट छातीशी धरलं. मी म्हणालो, "बस. हिले उतरवाले दोन मानसं लागतात."

धुरा अजून त्याच्याकडेच आहे आणि मी तो सोडलेला नाही. तोही दर खेपेला येतो, पुढेच बसतो, तोंड फिरवून. मागे आता कोणी हसत नाही.