अकरा फुटांचा कोपरा

आमचे जळगावचे घरमालक रस्ता ओलांडण्याआधी त्याची परवानगी घेत असत. कडेला क्षणभर थांबायचे, चष्म्यावरून दोन्हीकडे बघायचे, काहीतरी पुटपुटायचे आणि मगच पाऊल टाकायचे. सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेलेली. शिरपूरपासून बोदवडपर्यंत साखळी ओढत फिरलेल्या या माणसाला जमिनीचा लळा कधी लागला नाही. जीव जडला तो रस्त्यांवर. आम्ही भाडेकरू त्यांना आबा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला अक्का. आबा काडेपेटी आणायला निघायचे आणि दिवेलागणीला रिकाम्या हातांनी परतायचे. अक्कांनी विचारलं की म्हणायचे, "अगं, एरंडोल रस्त्याला एक नवी पायवाट फुटलीय. कुठं जाते ते बघून आलो." मग काडेपेटीसाठी अक्का आमच्या दारात.

कॉलनी गावाच्या अगदी कडेला होती. मुख्य रस्त्यावरून एक गल्ली आत यायची, आबांच्या कंपाउंडपाशी काटकोनात वळायची आणि मागच्या केळीच्या मळ्यात विरघळून जायची. दुपारी आबा त्या वळणावर लाकडी खुर्ची टाकून बसत आणि उडालेली धूळ सावकाश खाली बसताना पाहत. मळ्यातून घडांनी भरलेली बैलगाडी आली की खुर्चीसकट भिंतीला चिकटून उभे राहत, कारण तिथं रुंदी जेमतेम अकरा फूट. "हळू बोल, दुपारी रस्ता झोपलेला असतो," ते मला कुजबुजत सांगत. आणि खरं सांगतो, केळीच्या पानांची ती संथ सळसळ ऐकताना माझाही आवाज आपोआप उतरायचा. स्वतःचीच पावलं कुणा दुसऱ्याची वाटायची.

अशा त्या झोपलेल्या रस्त्यावर एक दिवस बातमी आली: मळा विकला गेला, तिथं साठ घरांची सोसायटी होणार आणि तिला जायला-यायला वाट एकच, आमची गल्ली. संध्याकाळी सगळी कॉलनी आबांच्या ओट्यावर जमली. विटांचे ट्रक इथूनच जाणार, साठ घरांच्या लुना-स्कूटरी इथूनच. महिन्याभरापूर्वीच शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा कोपऱ्यावर गाडी अडकलेली होती आणि तिला खाटेवरून मुख्य रस्त्यापर्यंत उचलून न्यावं लागलं होतं. ते आठवून बायकाही तावातावाने बोलत होत्या. हरकतीचा अर्ज आबांनी लिहायचा ठरला. त्यांनी सात पानं लिहिली. त्यातली चार रस्त्याच्या स्वभावाविषयी होती. ती वगळायला त्यांना राजी करताना माझे दोन दिवस गेले.

नगरपालिकेचे इंजिनिअर पाहणीला येणार त्या दिवशी आबांनी मोठा बेत रचला. इकडून एक टेम्पो, तिकडून भरलेली बैलगाडी. दोन्ही गाड्या कोपऱ्यावर एकदमच यायच्या आणि साहेबांसमोर अडकून बसायच्या. दोन्ही वेळेवर आल्या. पण गाडीवान भला माणूस. त्याने टेम्पो पाहिला, बैलांना चुचकारलं आणि म्हणाला, "समोरना माणूस थांबेल शे, आबा. मी मांगे लेस गाडी." आणि इतकी सुरेख मागे घेतली की साहेबांनी कौतुकाने मान डोलावली. आबा कपाळावर हात मारून ओरडले, "अरे, तुले अडकाले बलायेल व्हतं ना!"

कॉलनीची लाज राखली ती साहेबांच्याच जीपने. परत निघताना ती वळणावर विजेचा खांब आणि आबांची भिंत यांच्यामध्ये अशी घट्ट बसली, की पुढे होईना, मागे होईना. सगळे खुशीत आले. तेवढ्यात जीपच्या समोर एक रिक्षा येऊन थांबली. त्यातून एक तरुण नर्सबाई आणि तिची म्हातारी आई उतरल्या. मळ्यातला एक प्लॉट त्यांनी घेतला होता आणि आईला तो दाखवायला ती आली होती. तिने आबांनाच विचारलं, "बाबा, आमच्या घराला रस्ता हाच का?"

आबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्या दोघींना घेऊन मळ्यात गेले. लांबून आम्हाला दिसत होतं: आबा पावलं टाकत प्लॉट मोजून देताहेत, म्हातारी एका जागी उभी राहून हाताने खिडकीचा चौकोन काढून दाखवतेय आणि मुलगी हसतेय. ती तिघं परत आली तोवर जीप सुटली होती.

आबांनी साहेबांना तिथंच सांगितलं, "ट्रक इथून येता कामा नयेत. त्यांच्यासाठी बिल्डरने मळ्यामागच्या पाटाच्या कडेने नवा रस्ता काढावा, ही आमची हरकत कायम. पण माणसांसाठी हा कोपरा मोठा करा. माझं कंपाउंड सहा फूट आत घ्या."

त्या सहा फुटांत अक्कांचा जाईचा मांडव होता. अक्का दारातच उभ्या होत्या. "जाई मागच्या दारी लावीन मी," त्या शांतपणे म्हणाल्या, "पण रस्त्याला विचारता, तसं एकदा मलाही विचारायचं होतं." आबांचा चेहरा एवढासा झाला. पुढचा आठवडाभर ते स्वयंपाकघरात जातानाही उंबऱ्यावर थांबून विचारायचे, "येऊ का?"

पाटाकडचा रस्ता झाला, भांडून भांडूनच झाला. भिंत मागे सरकली, सोसायटी उभी राहिली. दुपारी घंट्या वाजवत सायकली जाऊ लागल्या. आबा पूर्वीसारखेच बसत, पण आता डोळे मिटून. झोप लागते का, असं विचारलं तर म्हणायचे, "नाही रे. कोण कुठं चाललंय ते ऐकतोय."

पुढे माझी धुळ्याला बदली झाली. सामानाचा टेम्पो भरला. अक्कांनी माझ्या बायकोची ओटी भरली. आबा टेम्पोच्या बाजूने कोपऱ्यापर्यंत चालत आले. ड्रायव्हरने चाक फिरवलं आणि टेम्पो एका दमात वळला. आबांनी खिडकीच्या काठावर हात ठेवला होता, तो सुटला. मला वाटलं, रुंद कोपऱ्याकडे पाहून ते खूश झाले असतील. पण टेम्पोच्या मागे दोन पावलं येत ते म्हणाले, "पूर्वीचा कोपरा असता ना, तर अर्धा तास तरी अडकला असतास."