नवी लेन्स

निमगाव सावाच्या जत्रेत भिकाचा सिनेमाचा तंबू लागायचा. १९९७ साली वाटेत त्याची स्कोपची लेन्स फुटली. रुंद सिनेमा साध्या लेन्सवर लावला की माणसं दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी उंच, काटकुळी दिसतात. भिकाने तसाच लावला. शिवाय रात्रीत दोन खेळ बसावेत म्हणून हिरो मार खातो ती दोन रिळं काढून ठेवली. त्यामुळे आमच्या गावाने पाहिलेला त्या सिनेमातला उडणारा वीर उसासारखा सडपातळ होता आणि कधीच हरत नव्हता.

आमच्या शेजारचा सावळाराम तसाच. सहा फूट उंच, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. गाव त्याला काडीपैलवान म्हणायचं. लग्नाला दोन ठिकाणांहून नकार आलेला. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी पारावर कुणीतरी ओरडलं, "रातचा हिरो आला बघा!" तेव्हापासून तो ताठ चालायला लागला. दिवाळीनंतर वारूळवाडीच्या अश्विनीशी त्याचं लग्न ठरलं.

मी पुण्यात शिकलेले. हाच सिनेमा तिथे धड पाहिला होता. गावात बोलले नाही.

पुढच्या जत्रेला तोच सिनेमा आला. सावळारामाने होणाऱ्या सासऱ्याला आणि मेव्हण्याला आग्रहाने आणून पुढे बसवलं. "मामा, हिरो माज्यासारकाच हाय, बघा तर."

भिकाने नवी लेन्स घेतली होती. रिळंही सगळी लावली. पडद्यावर बैलासारख्या मानेचा, रुंद छातीचा गडी आला.

"सावळ्या, तुजा हिरो वर्षात लई खाऊन आला की राव!"

तंबू हसून लोळला. पुढे हिरो मार खाऊन गुडघ्यावर गयावया करू लागला, तेव्हा दुसरा ओरडला, "आता वळखू आला! ह्यो आपला सावळ्याच!" मेव्हणा डोळे पुसत हसत होता. मीही हसले.

सावळाराम आम्हा बायकांच्या मागे, मशीनपाशी आला. "भिकाभाऊ, पाया पडतो, साधी लेन्स लावा."

"तो बिघाड व्हता, पावणं. माणसं अशी नसत्यात."

तिसऱ्या दिवशी वारूळवाडीहून निरोप आला: पोरगी भरल्या अंगाची आहे, जोडा शोभायचा नाही. सावळाराम एकटाच राहिला.

आता काडीपैलवान कुणी म्हणत नाही. बारीक पोराला 'सावळ्या' म्हणतात. माझा भरत बारा वर्षांचा आहे. रोज दोन अंडी देते, अंगाला लागत नाहीत. काल शाळेतून येऊन त्याने विचारलं, "आई, मी सावळारामकाकांसारखा दिसतो का?"

भिंतीपलीकडे सावळाराम खोकला. मी टीव्हीचा आवाज वाढवला.