आग्रा रोडवरची परदेशी कुलपं

रिपेअरच्या दुकानातून वस्तू परत जातात, किस्से मात्र तिथेच साठत राहतात. धुळ्याला आग्रा रोडवर प्रकाश आणि मी टीव्ही-व्हीसीआर दुरुस्तीचं दुकान चालवायचो. प्रकाश सोल्डरिंग करायचा, मी काउंटरवर बसून पावत्या फाडायचो आणि गिऱ्हाइकांचं ऐकून घ्यायचो. नव्वदनंतर खानदेशातली पोरं अमेरिकेला जायला लागली आणि तिथून मशीनं पाठवायला लागली. ती इथे चालायची नाहीत. बिघडलेली नसायची हो, चांगली ठणठणीत असायची. बिघडलेलं दुरुस्त करता येतं. न बिघडलेल्याचं काय करायचं? या एका प्रश्नापुढे आम्ही दहा वर्षं हात टेकून बसलो होतो.

*

चाळीसगावच्या एक अक्का व्हिडिओ कॅसेट घेऊन आल्या. मुलाचं लग्न अमेरिकेत झालेलं. कॅसेट आली तशी अक्कांनी अख्खी गल्ली गोळा केली, सगळ्यांना चहा दिला आणि टीव्ही लावला. आता तिकडची कॅसेट आपल्या व्हीसीआरवर लावली की रंग उडतो आणि चित्र खाली-वर पळतं. गल्लीला दिसलं काय, तर नवरीचा पांढराफटक शालू आणि हळदीच्या नावाखाली तोंडाला फासलेली राख.

अक्कांनी दुकानात कोणी नाही असं बघून मला हळूच विचारलं, "भाऊ, खरं सांगा. तिकडे काही वाईट झालंय का?"

प्रकाशने कॅसेट मुंबईला पाठवून आपल्या सिस्टिमवर उतरवून आणली. तीन आठवडे गेले. हळद पिवळी झाली, शालू लाल झाला. अक्कांनी दुकानात बसून पूर्ण लग्न पाहिलं, डोळे पुसले आणि उठता उठता म्हणाल्या, "बरं केलं भाऊ, माझ्या समाधानासाठी तुम्ही रंग तरी भरले."

*

दोंडाईच्याचे एक व्यापारी. भावाने अमेरिकेतून गेमचं मशीन आणलं होतं. ते तिकडच्या एकशे दहा व्होल्टवर चालणारं. मी पुन्हा पुन्हा बजावलं की ट्रान्सफॉर्मर लावल्याशिवाय प्लग लावू नका. ते हसले. म्हणाले, आमच्याकडे संध्याकाळी करंट इतका कमी, की बल्बची तार मोजता येते, ट्रान्सफॉर्मर कशाला हवा?

आणि खरंच, मशीन महिनाभर चाललं! आमचं शास्त्र खोटं पडलं.

मग ते जळकं मशीन पिशवीत घालून आले. सांगायला लागले की गावात मंत्र्यांचा कार्यक्रम होता, त्या दिवशी पहिल्यांदाच पूर्ण करंट आला. त्यांची तक्रार मशीनबद्दल नव्हतीच, मंत्र्यांबद्दल होती.

*

जळगावच्या डॉक्टरांची गोष्ट शतकाच्या अगदी शेवटची. त्यांनी कॉम्प्युटरसाठी डीव्हीडीचा ड्राइव्ह मागवला. सिनेमांच्या कंपन्यांनी तोवर जगाचे तुकडे पाडून नंबर दिले होते. अमेरिका एक, आपण पाच. एका नंबरची डिस्क दुसऱ्या नंबरच्या मशीनवर लागत नाही. या ड्राइव्हमध्ये नंबर बदलायची सोय होती, पण फक्त पाच वेळा. पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा.

पहिल्यांदा डॉक्टरांनी बदलला, दुसऱ्यांदा मुलाने. तिसऱ्यांदा मेहुणे आले होते, त्यांनी. चौथ्यांदा डॉक्टरांनी सगळ्यांना झापून परत आपला पाच नंबर ठेवला. इथवर सगळं ठीक होतं. तरीही ड्राइव्ह आमच्या काउंटरवर आला, तोही अमेरिकेवर अडकलेला. घरात अमेरिकेची एकही डिस्क नाही.

मी विचारलं, "पाचव्यांदा कोणी बदलला?"

"मीच. खरंच लॉक होतं का, ते बघत होतो."

माणूस सर्जन होता. मला तेव्हापासून ऑपरेशनची भीती वाटते.

*

आता आबा.

आबा शिरपूरचे. जिनिंग फॅक्टरीत चाळीस वर्षं फिटर होते. एकुलती एक मुलगी सुनंदा लग्न होऊन अमेरिकेला गेली. नातू रोहन चार वर्षांचा असताना एकदा येऊन गेला आणि जाताना गेमचं मशीन आणि एक सीडी आजोळीच विसरला. त्याला आता चार वर्षं झाली होती. जावयांच्या तिथल्या कागदपत्रांचं काम अडकलेलं, ते होईपर्यंत कोणाला देश सोडता येत नव्हता.

महिन्यातून एकदा फोन यायचा. रोहन फोनवर "हाय आबा" म्हणायचा आणि रिसीव्हर आईकडे द्यायचा. त्याला मराठी येईना, यांना इंग्रजी येईना. आबांनी मुलीला विचारलं, हा दिवसभर करतो काय? ती म्हणाली, एक गाड्यांच्या शर्यतीचा गेम आहे, तोच खेळतो.

आबांनी मुंबईला जाणाऱ्या एका माणसाकडून तोच गेम मागवला आणि ट्रान्सफॉर्मर जोडून मशीनला लावला. मशीनने तो घेतला नाही. मशीन अमेरिकेचं आणि सीडी युरोपची. मग एस.टी.ने धुळं गाठून आबांनी मशीन टॉवेलमधून सोडलं आणि आमच्या काउंटरवर ठेवलं.

मी त्यांना कंपनीची विभागणी समजावली. जपान वेगळं, अमेरिका वेगळी, युरोप वेगळा. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आनि आपला खानदेश कोठे शे?"

मी माहितीपुस्तक उलटसुलट करून पाहिलं. खानदेश सोडा, त्यात भारतही नव्हता.

*

कंपनीचं हे कुलूप चुकवायची एक युक्ती प्रकाशला ठाऊक होती. झाकणाखालचं बटण उदबत्तीच्या काडीने दाबून ठेवायचं, म्हणजे झाकण उघडं असूनही मशीन फिरत राहतं. आधी अमेरिकेची सीडी लावायची. मशीनची खात्री पटली की फिरती सीडी झटक्यात उचलायची आणि तिथे दुसरी बसवायची. सगळा खेळ एका क्षणाचा. प्रकाशला दहातून दोनदा जमायचं. मी एकदा प्रयत्न केला तर सीडी उडून गणपतीच्या फोटोला लागली.

आबा म्हणाले, मी बघू का?

पहिल्याच झटक्यात बसली. आबांना त्यात काही विशेष वाटलं नाही. चालू जिनमध्ये अडकलेली सरकी त्यांनी चाळीस वर्षं काढली होती, आणि त्यात फक्त एका करंगळीचं पेर गेलं होतं.

*

पण घरी वीज जायची, पुन्हा सगळं पहिल्यापासून. शेवटी प्रकाशने मुंबईहून चिप मागवली. नखाएवढा तुकडा, त्याला सात तारा. ती आत बसवली की मशीनला प्रत्येक सीडी आपल्याच देशाची वाटते. आमच्या दुकानात बसलेली ही पहिली चिप. त्याआधी दोन मशीनं त्या नादात कायमची गेली होती, हे आम्ही आबांना सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात फोन आला. "हाय आबा" झालं आणि रिसीव्हर आईकडे जाणार, तेवढ्यात आबा घाईघाईने म्हणाले, "रोहन, सेकंड ट्रॅक. ब्रिज. पडना." मग पोरगं जे बोलत सुटलं! पुलावर ब्रेक कुठे मारायचा, कोणती गाडी घ्यायची. आबांना त्यातलं चार आणेही कळलं नाही. ते नुसते "येस, येस" म्हणत होते आणि आजी शेजारी उभी राहून रडत होती. हे आबांनी आम्हाला पेढे देताना सांगितलं.

प्रकाश तसा कोरडा माणूस. त्या दिवशी त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाला उगाचच अर्धा तास थांबवून ठेवलं, कारण त्याला सोल्डरिंगचं टोक नीट दिसत नव्हतं.

*

रोहन फोनवर म्हणाला, आबा, इकडे या, दोघे मिळून खेळू. झालं, आबांच्या डोक्यात तेच बसलं. ती मंडळी देश सोडू शकत नाहीत, आपण तर सोडू शकतो. पासपोर्ट काढला. घराचा उतारा, पेन्शनचे कागद, नातवाचा फोटो असं सगळं प्लास्टिकच्या पिशवीत भरलं. व्हिसाच्या मुलाखतीला मुंबईला जाताना वाटेत धुळ्याला उतरून प्रकाशकडून मशीन तपासून घेतलं. ते सोबत न्यायचं होतं म्हणे. प्रकाशने त्यांना समजावलं की आबा, मशीन तिथे आहेच, हे राहू द्या. मग मशीन दुकानात ठेवून ते पुढच्या गाडीने गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडत होतो, तर आबा पायरीवर बसलेले. रातराणी एस.टी.ने थेट धुळ्याला उतरले होते. मी चहा सांगितला. त्यांनी घेतला नाही.

वकिलातीत खिडकीपलीकडच्या बाईने दुभाष्यातर्फे एकच प्रश्न विचारला होता, की तुम्ही परत याल कशावरून? आबांनी सांगितलं, माझं घर शिरपूरला आहे, बायको शिरपूरला आहे, मी तिथे राहून काय करू? बाईने पिशवीतला एकही कागद पाहिला नाही. नातवाचा फोटोही नाही. दोन मिनिटांत नकाराचा शिक्का मारून पासपोर्ट परत.

मला फार वाईट वाटलं. पुन्हा अर्ज करता येतो वगैरे मी काहीतरी बोलत होतो. आबांचं लक्ष नव्हतं. ते उठले, प्रकाशच्या टेबलापाशी गेले. दिव्याखाली त्यांचं मशीन ठेवलेलं होतं, ते त्यांनी हलक्या हाताने बाजूला सरकवलं आणि त्या जागी पासपोर्ट ठेवला.

"परकास, याले बी खोलीसन दख भाऊ. एखादी चिप बसाडी दे."

प्रकाशने दिवा लावला.