घ्यायचं तर सगळं घर घ्या

कुसगावातलं आमचं घर अम्माचं होतं, तिला तिच्या वडिलांकडून आलेलं. पण अब्बा इतक्या थाटात 'माझं घर' म्हणत की आम्हा मुलींना खरं ठाऊकच नव्हतं. ते उघड झालं सडक रुंद करायच्या वेळी. लोणावळ्याकडे जाणाऱ्या मोटारी वाढल्या होत्या आणि सरकारला आमची पुढची पडवी हवी होती. पडवीत पावाची भट्टी. ती गेल्यावर उरलेल्या भिंती काय चाटायच्या?

वडगावचे वकील म्हणाले, "घराचा नुसता तुकडा सरकारला जबरदस्तीने घेता येत नाही. मालकाने 'सगळं घ्या' म्हटलं, तर अख्खं घ्यायचं नाहीतर सोडून द्यायचं, असा कायदा आहे. पण खरंच अख्खं घेतलं, तर मग रडायचं नाही."

एरवी गावभर फुशारक्या मारणाऱ्या अब्बांचं तोंड एवढंसं झालं.

सडकेसाठी जागा घेणारे सरकारी साहेब पाहायला आले. मालक कोण, असं त्यांनी विचारताच अब्बा पुढे सरकले, खाकरले आणि वळून अम्माकडे बघत राहिले. ती पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

"घर माजं हाय. घ्यायचं तर सगळं घ्या. तुकडा न्हाई देनार."

"बाई, नीट विचार करा. सरकार हो म्हणालं तर घर सोडावं लागेल."

"व्हय. सोडीन."

मला तिचा फार अभिमान वाटला आणि घर जाईल याची भीतीही. त्या वर्षी अब्बांनी कौलं चाळली नाहीत. परक्याच्या घराची उस्तवार कशाला, म्हणाले. पावसाळाभर आम्ही गळतीखाली पातेली ठेवत होतो.

शेवटी सरकारने घराचा नाद सोडला आणि सडक समोरच्या अंगाला सरकवली. समोर भाऊंचं भातखाचर होतं. भाऊ म्हणजे आमचे शेजारी, रोज पहाटे भट्टीपाशी शेकायला येऊन बसणारे. घराला होतं ते कलम शेताला नव्हतं. शेताचा हवा तेवढा तुकडा काढता येत होता.

खाचरात खुंट्या ठोकल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशीही भाऊ आले. अम्माने गरम पाव त्यांच्यापुढे ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"भाऊ, तुमच्यावर जाईल ह्ये मला ठावं न्हवतं वो."

भाऊंनी पाव मोडला. "तुमी काय करनार, भाबी? मी बी म्हनलो असतो, घ्या सगळं. पर मला कुनी इचारलंच न्हाई."